रुद्राक्षफळ अभ्यास मंडळ, धारूर

परमेश्वर शिनगाऱ्यांचं नाक करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेलं. बाकी सगळा माणूस दवाखान्यातून घरी आला, नाक तेवढं आलं नाही. म्हणजे चेहऱ्यावर होतं ते होतंच, चांगलं लांब, सरळ, चष्मा नीट बसेल असं. पण त्यातून वास म्हणून काही आत जाईना. एखाद्या मास्तराचं असं झालं असतं तर त्यानं चारचौघांत सांगून टाकलं असतं. शिनगारे पडले सरकारी धान्य गोदामाचे गोदामपाल. तीस वर्षं त्यांनी नाकाच्या जोरावर नोकरी केली. दारात उभं राहून, डोळे मिटून, उत्तरेच्या भिंतीकडची चौथी थप्पी, खालून तिसरं पोतं, ओल लागलीय, असं सांगायचे आणि हमालांनी उपसून बघितलं की पोत्याला खरंच बुरशी निघायची. निरोपसमारंभाच्या भाषणात साहेबांनी त्यांच्या प्रामाणिकपणाचा एकदा आणि नाकाचा दोनदा उल्लेख केला होता. असलं नाक गेलं, हे माणूस कुणाला सांगणार? शिनगाऱ्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. ताटावर बसले की आधी उज्ज्वलाबाईंच्या चेहऱ्याकडे बघत आणि मग 'वा' म्हणायचं की नाही ते ठरवत.

अशा माणसानं धारूरसारख्या गावात वाइनचा आस्वाद घेणारं मंडळ का काढावं? ह्याचं खापर नाशिकच्या व्याह्यांवर फोडावं लागेल. लेक संस्कृती नाशिकला दिलेली. तिचे सासरे अंगदराव तिथल्या एका वाइन क्लबाचे उपाध्यक्ष. ही मंडळी महिन्यातून एकदा जमतात, पेल्यात दोन घोट ओततात, पेला गोल गोल फिरवतात, हुंगतात, तोंडात घोळवून थुंकतात, आणि मग एकेक जण उठून आपल्याला कशाकशाचा वास आला ते सांगतो. गेल्याच्या गेल्या दिवाळीत अंगदराव शिनगाऱ्यांना तिथं घेऊन गेले. शिनगाऱ्यांची पाळी आली तेव्हा ते गप्प राहिले, कारण बघायला उज्ज्वलाबाईंचा चेहरा समोर नव्हता. अंगदरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, की आमचे व्याही बीडकडचे आहेत, ह्या गोष्टी तिकडे अजून पोचायच्या आहेत, आपण त्यांना सांभाळून घेऊ.

सांभाळून घेऊ! हा शब्द शिनगाऱ्यांना एसटीत नगरपर्यंत टोचला, बीडपर्यंत टोचला, आणि केजच्या स्टँडवर चहा घेताना त्यांचा निश्चय झाला.

चांगल्या कामाला गावात सल्ल्याची कमतरता पडत नाही. शेजाऱ्यांनी विचारलं, की प्यायचीच आहे तर मंडळ कावून? आणि प्यायची नाही, थुंकायची आहे, असं म्हणता, तर मग बाटली कावून? तहसीलमधले अव्वल कारकून गहिनीनाथ म्हणाले, की पिण्याचा परवाना प्रत्येकाला लागेल आणि तो मी काढून देतो. पण मंडळ म्हटलं की नोंदणी आली, नोंदणी म्हटली की उद्देश आला, आणि उद्देशाच्या रकान्यात वाइन लिहिलीत तर कागद जन्मात हलणार नाही. त्यांच्याच सल्ल्यानं 'द्राक्षफळ अभ्यास मंडळ' असं नाव धाडलं. कागद कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर गेला हे सांगत बसलं तर दुसरं मंडळ काढावं लागेल. आठ महिन्यांनी प्रमाणपत्र आलं. त्यावर नाव होतं 'रुद्राक्षफळ अभ्यास मंडळ, धारूर'. शिनगारे हादरले. गहिनीनाथ मात्र खूश झाले. दुरुस्तीला टाकलंत तर आणखी आठ महिने, म्हणाले, आणि पोलीस आले तर ह्या नावाला हात जोडून परत जातील. तशी पाटी रंगवून घेतली.

जागा कय्युमभाईंनी दिली. किल्ल्याच्या रस्त्याला त्यांचं फळांचं गोदाम आहे, त्यावर एक लांबट माडी. माडीला पश्चिमेकडे तीन खिडक्या. एकीतून किल्ल्याचा बुरूज दिसतो आणि बाकी दोन्हींतून खालची दरी. कय्युमभाई स्वतः थेंबाला शिवणार नव्हते. ते फक्त वास घेणार होते. पिणं मना आहे, हुंगण्याबद्दल मी कुणाला विचारलेलं नाही आणि विचारणार पण नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. चौथे सभासद विजयसिंह, पन्नास एकरांचे मालक, एके काळचे कारखान्याचे संचालक. त्यांच्या घरून पितळेची पिकदाणी आली. मंडपवाल्याकडून आइस्क्रीमचे काचेचे पेले आले. पेले धुवायला छबुबाई आली. ही साठीची बाई कय्युमभाईंच्या गोदामात फळं निवडायला होती.

पहिली बैठक जुलैच्या तिसऱ्या शनिवारी, संध्याकाळी साडेसहाला भरली. दरीतून ढग वर चढत होते. सातला ते खिडकीपाशी आले आणि बुरूज दिसेनासा झाला. शिनगाऱ्यांनी प्रास्ताविक केलं, पेला कसा धरायचा ते दाखवलं, बाटली उघडली. विजयसिंहांनी पहिला घोट गिळला. थुंकायचा होता, असं सांगितल्यावर थुकायचंच असंल तर तंबाखू काय वाईट होती म्हणाले, आणि दुसराही गिळला. गहिनीनाथांना आंबट लागलं. कय्युमभाईंनी हुंगून डोळे मिटले. मग सगळे शिनगाऱ्यांकडे बघायला लागले. आता अध्यक्षाला बोलणं भाग होतं.

शिनगाऱ्यांनी मोबाइलवरून तीन-चार वाक्यं पाठ केली होती. लाल फळं, व्हॅनिला, जळकं लाकूड. नाक नसलेल्या माणसानं एवढ्यावर एक वर्ष सहज काढलं असतं. त्यांनी घोट तोंडात घेतला. तोंडात घेतल्याबरोबर तो गार पडला, आडातून आत्ताच शेंदल्यासारखा. त्यांनी तो पिकदाणीत टाकला, लाल फळं म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, "ओली माती. लिंबाची मुळी. मुळीखाली कळकलेली देगची."

शिनगाऱ्यांच्या घरात पातेलं होतं, कढई होती, टोप होता. देगची हा शब्द त्यांनी आयुष्यात कधी वापरला नव्हता.

गहिनीनाथ हसले. विजयसिंहांनी पेला पुढं केला. कय्युमभाई मात्र उठून खिडकीशी गेले आणि बाहेरच्या पांढऱ्या ढगाकडे तोंड करून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरामागच्या कडुलिंबाखाली खणलं. कंबरेएवढं खणल्यावर तांब्याची देगची लागली. रझाकारीच्या वर्षी दादीनं काहीतरी पुरलंय, असं घरात ऐकीव होतं, पण जागा तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. देगचीत अठरा चाव्या होत्या. एकाही चावीचं कुलूप घरात निघालं नाही. कय्युमभाईंनी ती देगची शिनगाऱ्यांच्या ओट्यावर आणून ठेवली. एवढंच म्हणाले, "साब, तुमचं नाक म्हंजे कमाल हाय."

शिनगाऱ्यांना आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तीस वर्षांची अब्रू एका वाक्यात परत आली होती. रात्री मात्र त्यांना झोप लागेना. जिभेखालचा गारठा दोन दिवस राहिला. उज्ज्वलाबाईंनी केलेला गरम चहासुद्धा त्या जागेवरून जाताना गार व्हायचा.

ऑगस्टच्या बैठकीला त्यांनी पाठ केलेली वाक्यं तळहातावर लिहून आणली. आपण वाचून दाखवायचं, मनात काही येऊच द्यायचं नाही, असा बेत. घोट घेतला. गार. तळहाताकडे बघितलं. लाल फळं, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आणि त्यांनी वाचलं ते असं, "जीपची जुनी सीट. रेक्झीन. सांडलेलं डिझेल. पावसात भिजलेलं म्हातारं कुत्रं."

विजयसिंहांनी पेला खाली ठेवला. तो पेला अर्धा भरलेला होता, ह्यावरूनच प्रकरण साधं नाही हे ओळखावं. मग ते आपण होऊनच सांगायला लागले, खाली मान घालून. सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. घरात चौदा वर्षं वागवलेलं कुत्रं आंधळं झालं, घरात घाण करायला लागलं. विजयसिंहांनी त्याला जीपमध्ये घातलं, घाटात नेलं, तिसऱ्या वळणावर खाली उतरवलं आणि गाडी मागं फिरवली. घरी सांगितलं, पळून गेलं. आरशात बघितलं तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध बसलं होतं, गाडीकडे नाही, दरीकडे तोंड करून, कारण गाडी कुणीकडे गेली ते त्याला कळलं नव्हतं. पन्नास एकरांचा मालक बाहीनं डोळे पुसत होता. गहिनीनाथ आपली खुर्ची हळूहळू सरकवत दाराशी घेऊन गेले. पुढच्या सगळ्या बैठकांना ते दारापाशीच बसले. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक, आणि ते तसंच राहावं अशी त्यांची इच्छा असावी.

ही हकीकत सकाळपर्यंत धारूरभर झाली आणि आठवड्यात केजपर्यंत गेली. पाटीवर रुद्राक्ष होतंच. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी कय्युमभाईंच्या जिन्यावर खालपासून वरपर्यंत माणसं बसलेली. कुणाची म्हैस गेलेली, कुणाचं सातबाऱ्यावरचं नाव गेलेलं, एकाची बायको माहेरी गेलेली आणि ती का गेली हे त्याला सोडून सगळ्या गल्लीला माहीत. नारळ आणलेले, उदबत्त्या आणलेल्या. शेजाऱ्यांचे सल्ले आता बदलले होते. आधी बाटली कावून विचारणारे आता सांगत होते, की अंगावर भगवं उपरणं घ्या, थुंकू नका, ते बरं दिसत नाही. एका बाईनं शिनगाऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आयुष्यभर ज्यानं अंगारे-धुपारे करणाऱ्यांची टर उडवली, त्याला असं पायरीवर उभं राहून पाय मागं ओढून घ्यावे लागले. घसा बसलाय अशी खूण करून ते मागच्या दारानं घरी आले. त्या दिवशी बाटली उघडलीच नाही.

घरी उज्ज्वलाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अहो, तुमचं नाक गेल्याला चार वर्षं झाली. मागं दूध करपून घरभर धूर झाला तेव्हा तुम्ही चुलीशेजारी बसून पेपर वाचत होता. मला कळणार नाही होय?"

शिनगारे खाली बसले. चार वर्षं एका माणसाच्या चेहऱ्याकडे बघून 'वा' म्हणत आलो आणि ते माणूस आपल्यासाठी चेहरे करत होतं, हे कळल्यावर नवऱ्याजवळ बोलण्यासारखं फारसं राहत नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. घोट गार होतो. जिभेखाली कुणीतरी चिठ्ठी ठेवावी तसे शब्द येतात. आपण फक्त वाचतो. वाचताना आवाजसुद्धा आपला वाटत नाही.

उज्ज्वलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्या सहसा घाबरत नाहीत. "चिठ्ठी कुणाची हे कळल्याशिवाय वाचू नये," त्या म्हणाल्या. "बंद करा ते मंडळ."

बंद करायचं ठरलंही. आणि तेवढ्यात नाशिकहून फोन आला. अंगदरावांच्या कानावर मंडळाची कीर्ती गेली होती. ऑक्टोबरच्या बैठकीला आम्ही जातीनं येतो, म्हणाले, आमच्याकडची खास बाटली घेऊन येतो, बघू या तुमची मंडळी कुठवर आलीत. शिनगाऱ्यांनी नकार द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना तो खांद्यावरचा हात आठवला. या, म्हणाले. जरूर या.

फोन ठेवल्यावर उज्ज्वलाबाईंनी त्यांच्याकडे फक्त बघितलं. मग म्हणाल्या, की त्या दिवशी मी पण येणार.

ऑक्टोबरच्या त्या शनिवारी माडी झाडून, नवीन चादर घालून तयार होती. जिन्यावरच्या लोकांना कय्युमभाईंनी सीताफळं वाटून वाटेला लावलं. ढगांचे दिवस सरले होते, तरी सूर्य बुडाल्यावर दरीतून पांढरं काहीतरी वर यायला लागलं आणि बुरजापाशी येऊन थांबलं. किल्ल्यातली वटवाघळं रोज ह्या वेळी कलकलाट करत बाहेर पडतात. त्या दिवशी ती आवाज न करता खिडकीवरून गेली.

अंगदराव रेशमी कुडता घालून आले होते. आइस्क्रीमचे पेले बघून त्यांनी एक भुवई वर केली, पिकदाणी बघून दुसरी. मग बाटलीचं कूळ सांगितलं, मूळ सांगितलं, डोंगराच्या कुठल्या उतारावरची द्राक्षं आणि कुठल्या साली पाऊस कसा पडला तेही सांगितलं. घोट घेतला, घोळवला, पिकदाणीत अचूक टाकला, आणि जांभूळ, दालचिनी, चामड्याचा नवा जोडा, असे एकामागून एक अकरा वास मोजून दाखवले. विजयसिंहांनी तेवढ्यात दोन पेले संपवले. मग अंगदराव मागं रेलून म्हणाले, की हं, आता व्याहीबुवा.

शिनगाऱ्यांनी पेला उचलला तेव्हा छबुबाई समोर येऊन उभी राहिली. हातात धुतलेल्या पेल्यांचं ताट. चार महिन्यांत ही बाई माडीवर एक शब्द बोलली नव्हती.

"सायेब," ती म्हणाली, "माजा माणूस, सटवा, बावीस वर्सं झाली, ऊस तोडाया गेलता. टोळी माघारी आली, त्यो न्हाई आला. जित्ता आसंल तर जित्ता, मेला आसंल तर मेला. रोज सकाळी आरशाम्होरं कुकवाचा हात थांबतो. लावायचं का न्हाई, एवढं हुंगून सांगा."

अंगदराव काहीतरी विनोद करणार होते, पण उज्ज्वलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि तो विनोद राहिला.

शिनगाऱ्यांनी तेवढ्या वेळात ठरवून टाकलं, की आज चिठ्ठी वाचायची नाही. खोटंच सांगायचं, पण बरं सांगायचं. नदीकाठी, झाडाखाली, झोपेत गेला, असं. म्हातारीला एकदा रडून मोकळं होऊ द्यावं. गोदामात नासलेलं पोतं ते कधी लपवत नसत, पण माणसाची गोष्ट वेगळी. त्यांनी मनात वाक्य जुळवलं, नदीकाठी, दोनदा म्हणून बघितलं, आणि घोट घेतला.

ह्या वेळी गारठा जिभेखाली थांबला नाही. दातांत गेला, कानांत गेला, हातातल्या काचेवर दव आलं. नदीकाठी, असं म्हणायला त्यांनी ओठ हलवले. बाहेर पडलेला आवाज जाड होता, विडी ओढणाऱ्या माणसाचा. "खोबरेल तेल. लहान पोरीच्या वेणीला लावलेलं. नवे पत्रे, उन्हानं तापलेले. लसणाची चटणी, दुसऱ्या बाईच्या हातची. तिखट जास्त."

उज्ज्वलाबाईंनी तोंडावर पदर धरला. विजयसिंह उठून उभे राहिले. शिनगारे दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबत होते, पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

छबुबाई होती तिथंच उभी होती. ताटातले पेलेसुद्धा वाजले नाहीत. तिनं विचारलं, "पोरगी केवढी हाय?"

बोटांच्या फटीतून उत्तर आलं, "आठ-नऊ वर्षांची."

"लई खोकायचा त्यो. आजून खोकतो का?"

"न्हाई."

तिनं मान हलवली. एखाद्यानं भाव सांगावा आणि तो आपल्या अंदाजाएवढाच निघावा, तशी. मग ताट खाली ठेवलं. "बरं झालं," ती म्हणाली. "मेला आसता तर रडाया लागलं आसतं."

हे ऐकलं आणि शिनगाऱ्यांच्या अंगातला गारठा एकदम ओसरला. ते खुर्चीत बसले, चष्मा काढला, आणि व्याह्यांच्या देखत, सभासदांच्या देखत, पेले धुणाऱ्या बाईच्या देखत त्यांनी सांगून टाकलं, की मला वास येत नाही. करोनात गेला, तो आला नाही. गुलाबाचा येत नाही, गटाराचा येत नाही. आजवर ह्या माडीवर मी एकाही पेल्याचा वास घेतलेला नाही.

त्यांना वाटलं होतं, आता हसतील. अंगदरावांनी तर हसावंच. कुणी हसलं नाही.

कय्युमभाई शांतपणे म्हणाले, "मला म्हाईत हाय साब. दुसऱ्या बैठकीला खाली सडक्या पपयांचा ढीग पडलता. समदे नाक दाबून वर आले. तुमी जिन्यात उभं राहून म्हनले, काय छान हवा हाय." मग त्यांनी खिडकीकडे बघितलं. खिडकीबाहेरचं पांढरं आता आत, चौकटीच्या लाकडावर आलं होतं. "मंग साब, येवडे दिवस बोलत कोन हुतं?"

गहिनीनाथ दाराच्या कडीला हात लावून बसले होते, पण कडी काढून एकट्यानं जिना उतरायची त्यांची हिंमत होईना. सगळ्यांची नजर हळूहळू त्या बाटलीवर गेली. बाटली अर्धी होती. दिवा एकदा लुकलुकला, आणि राहिला.

तेव्हा छबुबाईनं एक खुर्ची ओढली आणि ती टेबलाशी बसली. चार महिन्यांत तिला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि आजही म्हटलं नाही. "मला बी द्या एक," ती म्हणाली. "बघू काय येतंय."

नको, असं उज्ज्वलाबाई म्हणणार होत्या. पण विजयसिंहांनी मुकाट्यानं ओतलं. छबुबाईनं पेला फिरवला नाही, उजेडासमोर धरला नाही. दोन्ही हातांनी उचलला आणि नाक पार आत घातलं. एक मोठा श्वास घेतला. दुसरा घेतला. डोळे मिटले. कय्युमभाईंचे ओठ हलत होते. अंगदरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

छबुबाईनं डोळे उघडले. "द्राक्षाचा येतोय," ती म्हणाली. मग एक घोट घेऊन, थोडा विचार करून तिनं सांगितलं, "आंबलेल्या."

इतकं सुटल्यासारखं त्या माडीवर कुणालाच कधी वाटलं नव्हतं. गहिनीनाथ खुर्ची घेऊन टेबलापाशी परत आले. विजयसिंहांनी छबुबाईला हात जोडले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शिनगाऱ्यांनी वही पुढं ओढली आणि त्या महिन्याच्या नोंदीत एकच ओळ लिहिली, वास द्राक्षाचा, आंबलेल्या, सांगणार छबुबाई, सभासद. अंगदरावांचे अकरा वास लिहायचे राहून गेले.

सोमवारी सकाळी छबुबाई तहसीलमध्ये गेली. कपाळ मोकळं नव्हतं; बोटभर मोठं कुंकू होतं, आणि ते कुणासाठी असं गहिनीनाथांनी विचारलं नाही. रेशनकार्डावर बावीस वर्षं कुटुंबप्रमुख म्हणून सटवाचं नाव होतं. ते खोडून तिथं माझं लिहा, असं तिनं सांगितलं. अशा कामाला मृत्यूचा दाखला लागतो, बेपत्ता असल्याचा पोलिसांचा कागद लागतो, दोन साक्षीदार लागतात. माणूस जिवंत आहे, पत्र्याच्या घरात राहतो, चटणी तिखट खातो, ह्याला कुठला नमुना लावायचा, हे त्या कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. गहिनीनाथांनी सगळ्या वरिष्ठांच्या टेबलावरून तो कागद स्वतः फिरवला. चार दिवसांत काम झालं. त्यांच्या आयुष्यातला हा विक्रम आहे.

मंडळ चालू आहे. त्या रात्रीनंतर शिनगाऱ्यांच्या जिभेवर काही उतरलेलं नाही. घोट गारच लागला तर बाटली गार असते म्हणून. पाळी आली की ते नाही म्हणून मान हलवतात आणि पेला शेजारी देतात.

फक्त एक सांगायचं राहिलं. त्या शनिवारी अंगदराव घाईनं निघाले. जेवायला थांबले नाहीत, बाटलीतली उरलेली वाइनही नको म्हणाले. शिनगारे त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, तरी अंगदराव दार उघडं धरून उभे होते. रेशमी कुडता गळ्यापाशी घामेजला होता. शेवटी इकडे तिकडे बघून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "परमेश्वरराव, मघाशी घोट घेतलात तेव्हा... आमच्याबद्दल काही जिभेला लागलं नाही ना तुमच्या?"

शिनगाऱ्यांना काहीही लागलं नव्हतं. त्यांनी व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, बुरजाकडे जरा वेळ बघितलं, आणि मग कुठे म्हणाले, "नाही."